पेपरात गुंडाळलेला पंप

वडगावात माझं औषधांचं दुकान होतं तेव्हा दोनच वस्तू मी न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. एक बायकांची पॅड आणि दुसरा भरमाण्णांचा दम्याचा पंप. पॅडला निदान काळी पिशवी चालायची. भरमाण्णांना ती अजिबात चालत नसे.

"काळी पिशवी दिसली की लोकं वाकून बघत्यात आक्का. पेपरात बांधा. कुणी इचारलं तर भजी हायत म्हणून सांगता येतंय."

माझ्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस मला आक्का म्हणायचा. दुकानात उभी राहते ती आक्का, एवढाच त्याचा अर्थ. पुडी घेतली की ते ती बनियनच्या आत सरकवायचे, डावीउजवीकडे बघून रस्ता ओलांडायचे आणि समोरच्या त्यांच्या जिमच्या दारात पोचले की छाती फुगवून आत शिरायचे. भजी छातीशी धरून जिममध्ये जाणारा माणूस कुणाला खरा वाटेल, हा विचार त्यांच्या मनात कधी आला नसावा.

भरमाण्णांची छाती बघण्यासारखी होतीच. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. पन्नाशी उलटली होती, पण दर रविवारी मिशीला कलप लागायचा. पाय मात्र बारीक. छाती एकाची आणि पाय दुसऱ्याचे, असा सगळा मामला. म्हणून उन्हाळ्यातही ते फुल पँट घालून व्यायाम करत. हे मी एकदा चेष्टेत बोलून दाखवलं तर चार दिवस त्यांनी खोकल्याच्या गोळ्यासुद्धा पुढच्या चौकातून आणल्या.

जिम म्हणजे त्यांच्या वडिलांची मागाची शेड. तीन यंत्रमाग भंगारात गेले आणि त्या जागी लोखंड आलं. त्यातल्या काही सळया मागाच्याच होत्या, दोन्ही बाजूंना वजनं अडकवून भरमाण्णांनी त्या कामाला लावल्या होत्या. वडिलांचा हातमाग मात्र कोपऱ्यात तसाच. कुणी त्यावर टॉवेल टाकला की आतून आवाज यायचा तो मला काउंटरवर ऐकू येई. "टावेलाला खुंटी हाय रं! त्यो माग हाय!"

विणकराच्या घरातला दमा नवलाचा नाही. सुताची रुई नाकातोंडात जाते. नाकाला ओलं फडकं बांधायचं, गालात गुळाचा खडा धरायचा आणि काम करायचं, ही तिथली रीत. "आमच्या घरात पोरं रडायच्या आधी शिंकत्यात," असं भरमाण्णा सांगायचे. पण हे विनोद घराण्याबद्दल असत. स्वतःला दमा आहे हे त्यांनी माझं काउंटर सोडून दुसरीकडे कधी कबूल केलं नाही. डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले होते. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, निळा दम लागला तरच. दोन्ही पेपरातून जायचे.

विणकाम सुटलं तरी विणकराची नजर सुटली नव्हती. त्यांच्या खिशात घडीचं पितळी भिंग असायचं, कापडाचे धागे मोजायचं. जिममधल्या पोरांनी पावडरीचा डबा विकत घेतला की तो आधी मागावर ठेवायचा, भरमाण्णा भिंगातून त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचणार आणि मगच झाकण उघडणार, असा नियम होता. अडलेल्या शब्दासाठी डबा बगलेत मारून ते माझ्याकडे यायचे. एका डब्यावर दहा वस्तूंची नावं होती, पण कुठली किती ते लिहिलं नव्हतं, सगळ्यांचं मिळून एकच वजन. भरमाण्णांनी भिंग मिटलं.

"रेशीम किती, सूत किती, सांगणार न्हाय म्हणं. असल्या साडीवाल्याला आमच्या गल्लीत काय म्हणत्यात ठाऊक हाय?"

मला ठाऊक होतं. तो डबा परत गेला.

एकदा तर त्यांनी कहर केला. किरण नावाचा त्यांचा एक चेला होता, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला. त्याने प्रोटीनचा मोठा डबा आणला, पण तो खरा की खोटा याबद्दल सगळ्यांना शंका. भरमाण्णा म्हणाले, "त्यात काय अवघड हाय? रेशीम खरं की खोटं कसं बघतो आपण? धागा जाळायचा. केस जळल्यागत वास आला की खरं." मग स्टीलच्या चमच्यात पावडर घेऊन खाली लायटर धरला. दूध करपल्याचा आणि केस जळल्याचा असा एक अचाट वास माझ्या दुकानापर्यंत आला. आतून टाळ्या पडल्या. मला हसू आवरेना, कारण परीक्षा अगदीच चुकीची नव्हती. रेशीम काय, केस काय, प्रोटीनच की. पण मिनिटभरात परीक्षक स्वतःच बाहेर आले, डोळे लाल, छातीत शिट्टी. माझ्या फ्रिजच्या मागे, रस्त्याकडे पाठ करून, त्यांनी निळ्या पंपाचे दोन झुरके घेतले. मग तोंड पुसून, "आत धूर लई झालाय, म्हणून आलो," असं मलाच सांगून परत गेले.

व्यायाम शिकवताना त्यांचं एकच पालुपद होतं. कुणाचा खांदा दुखला, कुणाची कंबर धरली, की पोरं म्हणायची, होतंय अण्णा, मारतो अजून चार. तेव्हा भरमाण्णा त्याच्या हातातलं वजन काढून घ्यायचे. "सूत तुटलं की माग थांबवायचा. टोक हुडकायचं. गाठ मारायची. मग पुढं. तुटल्यालं सूत घिऊन माग चालवला तर कापड येतंय, पर त्या कापडाला कोण घेतंय?"

इतक्या शहाण्या माणसाला पंपाची एवढी लाज का, हे कोडं मला त्यांच्या बायकोने, पार्वतीवहिनींनी सोडवून दिलं. मी म्हटलं, "वहिनी, पैलवानाचा रुबाब जाईल म्हणून लपवतात काय हो?" वहिनी काउंटरला टेकल्या.

"रुबाब कसला वो. दीपासाठी लपवत्यात. खानापूरकडनं चांगलं स्थळ आलतं तिला. कुणीतरी जाऊन सांगिटलं, दम्याचं घर हाय, पोरंबाळं तसलीच हुतील. सुपारी फोडायचं ठरल्यालं मोडलं. पोरगी आठ दिवस जेवली न्हाय. तवापासनं ह्यांनी पंप पेपरात घातला त्यो घातलाच."

पुढे दीपाला निपाणीचं स्थळ मिळालं. माणसं चांगली. दम्याचा शब्दही कुणी काढला नाही. पण देवाची चेष्टा बघा, दमेकऱ्याने लेक दिली ती तंबाखूच्या निपाणीत, आणि तिथेही वखारीला लागून असलेल्या घरात. हंगामात त्या गल्लीत शिरलं की धडधाकट माणूससुद्धा शिंकतो. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या घरी गेले तेव्हा भरमाण्णा पाच मिनिटांत काहीतरी निमित्त काढून बाहेर पडले. त्यानंतर ते महिन्यातून दोनदा निपाणीला जायचे, पण स्टँडपर्यंतच. बाकड्यावर नाकाला रुमाल लावून बसायचे. दीपा नातवाला घेऊन तिथे यायची. तासभर बसून, नातवाला बिस्किटाचा पुडा देऊन भरमाण्णा परतीची बस धरायचे. सासरच्यांना याचं वाईट वाटणारच. विहीणबाई एकदा दीपाला म्हणाल्या, "तुझ्या बानं आमच्या घरचं पाणीबी पिऊ नये, असं काय केलंय आमी?" दीपाने ते स्टँडवर वडिलांना सांगितलं. भरमाण्णांनी नातवाच्या हातात पुडा ठेवला आणि बस धरली. बसमध्ये मात्र रुमाल डोळ्यांना लावून बसले होते, असं सोबत गेलेल्या वहिनी म्हणाल्या.

अशात किरणने ती लाल पावडर आणली. व्यायामाच्या आधी पाण्यात घालून प्यायची, म्हणजे अंगात जोर येतो, असली. भरमाण्णांनी रीतसर भिंग लावलं आणि डबा घेऊन माझ्याकडे आले.

"कॅफिन म्हंजे?"

"कॉफीतलं असतंय ते अण्णा. ह्याचा एक चमचा म्हणजे तीन-चार कप कॉफी एकदम."

"कॉफीच न्हवं? मग काय वाईट हाय." आणि चाखून बघायला म्हणून त्यांनी स्वतःच एक चमचा घेतला.

चौथ्या दिवशी ते आले तेव्हा चेहरा असा फुललेला की वाटलं, दीपाच येऊन राहिली आहे. "आक्का, छाती मोकळी झाली. चार तास शिट्टी न्हाय! बत्तीस वर्सांत पयल्यांदा."

मी फार्मसी शिकलेली बाई. कॉफीच्या जातकुळीतली औषधं दम्याला देतात, कॉफीनेही श्वासनळी थोडी सैलावते, हे मला पाठ होतं. ती काही तासच सैलावते, आतली सूज तशीच राहते, हेही पाठ होतं. आणि महिन्याभराने फळीवर भरमाण्णांच्या नावाची चिठ्ठी लावलेला तपकिरी पंप तसाच पडलेला माझ्या नजरेला आला.

"अण्णा, रोजचा पंप नेला न्हाईसा?"

"आता पेपर वाचवा तुमचा," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. समोर चार गिऱ्हाइकं उभी होती. पुढच्या महिन्यातही पंप फळीवरच होता आणि मी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. ही माझी चूक. ती मी आजवर कुणावर ढकललेली नाही.

भरमाण्णांना कापडातली खोट एका नजरेत दिसायची. पण छाती मोकळी झाली म्हणजे दमा गेला, असं त्यांनी धरलं. बत्तीस वर्षं जे हवं होतं ते लाल सरबतात मिळत असेल तर कोण भिंग लावणार?

मग दीपाला मुलगी झाली. पहिल्याचं बारसं वडगावात झालं होतं, म्हणून हिचं सासरी ठरलं. ऐन तंबाखूच्या दिवसांत. आणि एके सकाळी समोरच्या शेडमधून लोखंडाच्या आदळआपटीऐवजी खटाक-खट, खटाक-खट असा आवाज येऊ लागला. जाऊन बघते तर भरमाण्णा हातमागावर. वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बंद करायला लावलेलं काम. नाकाला ओलं फडकं, गालात गूळ, शेजारी लाल पाण्याची बाटली. पोरं गपचूप भिंतीला टेकून बघत होती.

"नातीला दुपटं," त्यांनी फडक्याआडून सांगितलं. "ह्या येळंला स्टँड न्हाय आक्का. पाळण्याजवळ उभा राहून नाव ऐकणार."

आठ दिवसांत दुपटं उतरलं. पांढरं, तांबड्या काठाचं. तो मऊ काठ हाताला लागला आणि माझेच डोळे भरून आले.

बारशाला किरणच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. भरमाण्णा, वहिनी, किरण आणि मी. वाटेत चहाला थांबलो तेव्हा भरमाण्णांनी चहा नको म्हणून बाटली काढली. रंग नेहमीपेक्षा गडद होता.

"निळा पंप घेतलासा न्हवं अण्णा?"

"खिशात हाय," त्यांनी खिशावर थाप मारली.

तवंदी घाट चढून उतरलो आणि हवेत तो उग्र वास मिसळला. वखारीत त्या दिवशी पोती भरायचं काम चाललेलं. बायका पदर नाकाला लावून ये-जा करत होत्या. भरमाण्णा छाती काढून, रुमाल न लावता, लेकीच्या उंबऱ्यातून आत गेले. दीपा नुसती बघत राहिली. विहीणबाईंनी म्हणजे शेवंताबाईंनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला आणि भरमाण्णांनी तो घटाघटा रिकामा केला. दुपटं पाळण्यात अंथरलं गेलं. चार बायकांनी काठाचं कौतुक केलं. अर्धा तास तरी त्या माणसासारखं सुखी कुणी निपाणीत नसेल.

मग मला शिट्टी ऐकू आली. आधी बारीक. बायका पाळणा म्हणत होत्या म्हणून बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. भरमाण्णा भिंत धरून मागच्या परसात निघाले. मी मागोमाग गेले. ते गुडघ्यांवर हात टेकून उभे होते, ओठ काळवंडलेले, मानेच्या शिरा ताठ. हात इतके थरथरत होते की पंप खिशातून निघेना. मी काढला, हलवला, त्यांच्या तोंडाला लावून दाबला. नुसता फुस्स झाला. पंप संपलेला होता. कधीचा संपलेला कोण जाणे. तीन महिन्यांत त्यांना त्याची गरजच वाटली नव्हती.

मी किरणला हाक मारायला वळले तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. दोन शब्दांना दोन श्वास लागत होते. "सांगू... नका. पोरीचं... घर हाय."

त्याच वेळी शेवंताबाई हंड्यातलं पाणी घ्यायला परसात आल्या. त्यांनी भरमाण्णांकडे बघितलं, माझ्या हातातल्या पंपाकडे बघितलं. तशाच वळल्या, कोठीच्या खोलीत गेल्या, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक पुडी काढून आणली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

आत निळा पंप होता. त्यांनी तो सराईतपणे हलवला आणि व्याह्यांच्या तोंडाला लावला. "धरा. हळू वडा. थांबा आता. सोडा. पुन्ना." एक, दोन, तीन, चार. मी तोवर धावत जाऊन किरणला गाडी काढायला सांगितली. परत आले तेव्हा शेवंताबाई भरमाण्णांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या.

"पोरीपणी वखारीत जात हुते मी. तवापासनं हाय. आमी दीपाला बघाय आलो तवा दोन दिस आधीपासनं जीव मुठीत धरल्यालं, तुमच्यासमोर खोकला यील म्हणून. दम्याच्या घरात पोरगी कोण दील वो?"

 भरमाण्णांनी नुसते हात जोडले. आत बायकांनी 'कुर्रर्र' केलं आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. ते आम्हा तिघांपैकी कुणालाच ऐकू आलं नाही.

दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजन, नेब्युलायझर. डॉक्टरांनी बाटलीतल्या लाल पाण्याबद्दल ऐकलं आणि त्यांना असं झापलं की वहिनी बाहेर गेल्या. कॉफीच्या चमच्याने छाती मोकळी वाटली, पण सूज आत वाढत होती. वर त्या पावडरीने काळीज धडधडत होतं, त्यात पंपाचे झुरके, म्हणजे आणखी धडधड. व्यायाम करा म्हणाले, साधं प्रोटीन दूध सोसत असेल तर खुशाल घ्या, पण कुठलाही डबा आधी मला दाखवा आणि रोजचा पंप मरेपर्यंत सोडायचा नाही. भरमाण्णांनी मास्क जरा बाजूला केला. "म्हंजे सूत तुटल्यालंच हुतं, आन मी माग चालवत बसलो." डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

पुढे जिममध्ये त्यांनी सगळ्यांना गोळा करून काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. एवढं बघितलं की व्यायामाच्या आधी दारातच उभं राहून ते झुरके घ्यायला लागले, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. दोन पोरं सोडून गेली. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न असायचा, "दमा हाय काय रं? असला तर सांग, लाजायचं न्हाय." पितळी भिंग होतंच, पण आता डबा वाचून झाल्यावर ते विचारायचे, "डागदरला दावलास?" आणि निपाणीला ते लेकीच्या घरी जाऊ लागले. हंगाम सोडून, तपकिरी पंप न चुकवता. नातीचं नाव त्यांना दवाखान्यात कळलं होतं. ते हाक मारायचे मात्र 'दुपटे' म्हणून.

मग आमचा रस्ता रुंद करायचं निघालं. माझं दुकान त्यात गेलं आणि मी अनगोळला जागा घेतली. वडगावातल्या शेवटच्या आठवड्यात मी खोकी भरत होते तेव्हा भरमाण्णा आले. मोबाइलवर डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांचे फोटो होते, एक त्यांची, एक शेवंताबाईंची. निपाणीत ओळखीच्या दुकानातून घ्यायला बाईंना अवघड वाटायचं, म्हणून तेच नेऊन द्यायचे.

मी सवयीने पेपरची पानं ओढली.

"माझा ऱ्हाऊ दे आक्का, तसाच द्या. विहीणबाईंचा तेवढा गुंडाळा."

"का हो? आता कुणापासनं लपवायचं राहिलंय?"

त्यांनी काउंटरवर बोटाने उगाच एक रेघ मारली.

"त्यांची धाकटी लेक हाय न्हवं लग्नाची. आयतवारी बघायला येणार हायत."

मी रद्दीतलं जाड पान निवडलं, दुहेरी केलं आणि चारही बाजूंनी नीट दोरा बांधला. भरमाण्णांनी पुडी बनियनच्या आत सरकवली आणि रस्ता ओलांडला. एका हातात त्यांचा निळा पंप होता, सगळ्या वडगावाला दिसेल असा. दुसरा हात छातीवर होता, आतली पुडी पडू नये म्हणून.